फाइलीत नसलेला कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच जागेवरून मी उपासाच्या पापड्यांविषयी बोलले होते. त्या वेळी कुणाला मान खाली घालावी लागली नाही. आजचा विषय तसा नाही. चिटणीसबाईंनी "काय बोलणार?" असे विचारले तेव्हा मी "मूल न होण्याविषयी" एवढेच सांगितले. त्यांना वाटले, ही बाई व्रतवैकल्ये सांगणार. मी सांगणार आहे पुरुषाच्या वीर्याच्या तपासणीविषयी. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी खुशाल पदर तोंडाला लावावा, पण उठून जाऊ नये.

मी सातवी शिकलेली बाई. डॉक्टर नाही, नर्स नाही. जे सांगते ते आमच्या घरात घडले म्हणून. आणि त्यातले जे समजले नाही ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतले म्हणून. तुम्ही सगळ्या आमचे घर ओळखता, तेव्हा झाकून काही उपयोग नाही. धाकट्या जाऊबाईंना विचारले, भावजींनाही विचारले. भावजी दोन दिवस काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगा वहिनी. फक्त त्या दिवशी मी गावात नसेन." त्याप्रमाणे ते आज सकाळच्या गाडीने साताऱ्याला गेले आहेत.

त्यांचे लग्न २०२० च्या डिसेंबरात झाले, करोनामुळे मोजक्या माणसांत. पहिले वर्ष कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या वर्षापासून सासूबाईंनी विचारायला सुरुवात केली, आणि त्यांच्यामागे मी. ते मला सांगितलेच पाहिजे. नरसोबाच्या वाडीला तिला मी घेऊन गेले. पिंपळाला प्रदक्षिणा मीच मोजायला बसत होते. कोल्हापूरला अंबाबाईची ओटी भरली. शिवाय दवाखाने. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत ते पाहण्यासाठी औषध सोडून फोटो काढला. त्या दिवशी ती रिक्षात माझ्या खांद्यावर डोके ठेवून कण्हत होती. पुढे दुर्बिणीतून तपासणी झाली. पोटाला दोन-तीन ठिकाणी छेद. सगळे कागद एका फाइलीत लावून मी कपाटात ठेवीत होते. फाइल चांगली दोन बोटे जाड झाली.

आमच्या नणंदेच्या मुलीचे डोहाळजेवण आमच्याच घरी झाले. ओटी भरायला एकेक सवाष्ण पुढे येत होती. धाकटी हातात तांदूळ-नारळ घेऊन उभी राहिली, तेव्हा मी तिला म्हटले, "तू जरा आत पुऱ्यांकडे बघ, करपतील." पुऱ्या केव्हाच तळून झाल्या होत्या. तिलाही ते ठाऊक होते. ती आत गेली आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आली नाही. तुमच्यापैकी काहीजणी त्या दिवशी तिथे होत्या.

चौथ्या वर्षी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल हातात घेतली, एकेक कागद उलटला, शेवटपर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मग म्हणाले, "यांच्या यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे?" मी म्हटले, "त्यांना काय झालंय?" डॉक्टर म्हणाले, "तेच तर पाहायचं आहे."

चार वर्षांत एवढ्या डॉक्टरांनी ती फाइल पाहिली, घरातल्या आम्ही सगळ्यांनी पाहिली, आणि त्यात निम्म्या माणसाचा एकही कागद नाही हे कुणाच्याच लक्षात आले नाही. डॉक्टरांनी सांगितले ते असे की, ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण सापडते. कधी ते एकटेच, कधी बाईच्या कारणाबरोबर. आणि पुरुषाच्या तपासणीत सुई नाही, भूल नाही, छेद नाही. दुर्बिणीच्या मानाने खर्चही किरकोळ. मग ती सर्वांत आधी का होत नाही, याचे उत्तर डॉक्टरांना द्यायचे नव्हते. ते आपल्याच घरात आहे.

भावजी जायला तयार होईनात. शेवटी आमच्या ह्यांनी त्यांना बाहेर नेऊन काय समजावले ते मला ठाऊक नाही. ते एकटेच जाऊन आले. रिपोर्टाचा पाकीट त्यांनी कुणाला दाखवला नाही, आणि त्या दिवसापासून मुक्काम बेकरीतच ठेवला. ते तिथल्या भट्टीवर बारा वर्षे आहेत. रात्रीचे काम आहे म्हणाले.

आठ दिवसांनी जाऊबाईंना गव्हाच्या डब्यामागे दोन वस्तू सापडल्या. एक तो पाकीट, आणि एक शक्तिवर्धक चूर्णाचा बाराशे रुपयांचा डबा. ती दोन्ही घेऊन स्वयंपाकघरात माझ्याकडे आली. कागद सगळा इंग्रजी. माझा मुलगा अकरावीला आहे, पण काकाचा असला कागद त्याच्यापुढे कसा धरायचा? ती दहावी पास. तिने अक्षरे लावायची आणि मी आकडे पाहायचे, असे करीत आम्ही दोघी जावा ओट्याजवळच्या दिव्याखाली तो कागद वाचीत बसलो. एका रकान्यात भावजींचे आकडे, शेजारच्या रकान्यात किती असावेत ते. शेजारचे मोठे, भावजींचे लहान. तेवढे कळायला सातवीची गरज नव्हती.

ती रडली नाही. ती म्हणाली, "ताई, म्हणजे मी नव्हे?" मला त्यावर काही बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. आता तुम्हांला त्या कागदाचे सांगते.

पहिली ओळ असते ती किती मिळाले त्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली नवे आकडे दिले आहेत. त्यांत खालची मर्यादा १.४ मिलिलिटर आहे. म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव हिस्सा आणि वर थोडेसे. भगिनींनो, एवढेच असते! नंतर एका मिलिलिटरमध्ये शुक्राणू किती, ते. तिथे १६ मिलियन लिहिलेले असते. मिलियन म्हणजे दहा लाख, तेव्हा १ कोटी ६० लाख. सगळे मिळून ३ कोटी ९० लाख असावेत. त्यांतले हलणारे शंभरात ४२, आणि नुसते जागच्या जागी वळवळणारे नव्हेत, पुढे सरकणारे शंभरात ३०. शेवटी आकार. धड आकाराचे किती असावेत म्हणता? शंभरात ४. मी दोनदा विचारले, कारण तांदूळ निवडताना शंभरात शहाण्णव दाणे खराब निघाले तर आपण पोते दुकानदाराच्या डोक्यावर आपटू. पण इथला हिशेब निराळा आहे. चांगल्या बापांचेही बहुतेक शुक्राणू वाकड्या डोक्याचे, आखूड शेपटीचे असेच असतात. तेव्हा त्या ओळीत ५ किंवा ६ पाहून कुणी घाबरू नये.

भावजींच्या कागदावर ६० लाख होते आणि पुढे सरकणारे शंभरात १८.

"म्हणजे नापास," मी म्हटले. डॉक्टर हसले. म्हणाले, "वहिनी, ही सातवीची परीक्षा नव्हे." मग त्यांनी समजावले. हे आकडे कसे काढले? ज्या पुरुषांना वर्षाच्या आत मूल राहिले अशा पुष्कळ देशांतल्या पुरुषांची तपासणी केली आणि त्यांना कमीपासून जास्तीपर्यंत रांगेत उभे केले. रांगेतले शंभरातले सगळ्यांत खालचे पाच जिथे संपतात, तिथे रेघ ओढली. म्हणजे रेघेच्या खाली जे पाच उभे आहेत तेसुद्धा बापच आहेत! पस्तीस गुणांना पास आणि चौतिसाला नापास, असे त्यात नाही. रेघेच्या खाली असले म्हणजे दिवस राहायला उशीर लागण्याचा संभव अधिक, आणि वर असले म्हणजे मूल होणारच असेही नाही. मला हे समजायला अर्धा तास लागला. डॉक्टर मात्र चिडले नाहीत.

मग त्यांनी चौकशी केली. गेल्या दोन-तीन महिन्यांत आजारपण? होते ना. टायफॉइडने भावजी तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते, सव्वा महिन्यापूर्वीच. डॉक्टर म्हणाले, एक शुक्राणू तयार व्हायला सत्तर-बहात्तर दिवस लागतात, वर बाहेर पडेपर्यंत आणखी काही. आज जे तपासले ते अडीच-तीन महिन्यांपूर्वी घातलेले विरजण आहे. मध्येच मोठा ताप आला की ते बिघडते. शिवाय एका कागदावर कधीच निकाल द्यायचा नसतो. त्याच माणसाचे आकडे दर वेळी वरखाली होतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

आणि चूर्णाचा डबा? तो का आणला ते भावजींनी पुढे सांगितले. कागदावर लिहिले होते की वीर्य पंचवीस मिनिटांत पातळ झाले. त्यांनी 'पातळ' तेवढे वाचले. आपल्याकडे लहानपणापासून मुलांच्या कानांवर पडते की घट्ट म्हणजे ताकद, पातळ म्हणजे धातू गेला. खरी गोष्ट उलट आहे. बाहेर आल्यावर ते आधी घट्ट होते आणि मग साधारण अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पातळ व्हायलाच हवे. नाही झाले तर काळजी. भावजींच्या कागदावरची ती एकच ओळ उत्तम होती, आणि तिच्यापायी बाराशे रुपये गेले.

नुसते पाहून काहीच समजत नाही, हे डॉक्टरांनी आणखी एका उदाहरणाने पटवले. ज्यांची नसबंदी झाली आहे त्यांच्या वीर्यात शुक्राणू नसतात. पण दिसायला आणि मापाला फारसा फरक पडत नाही, कारण त्यातला बहुतेक भाग दुसऱ्याच ग्रंथींतून येतो. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. आणि त्या माणसाचे पुरुषत्वही जसेच्या तसे असते. सर्वांत मोठा घोळ मला इथेच दिसतो. बाईला वांझ म्हणायला आपल्याकडे शब्द तयार आहे. पुरुषाला मूल होत नसेल तर बायका जो शब्द कुजबुजतात तो भलत्याच गोष्टीचा आहे. संसारसुख देता येणे वेगळे आणि शुक्राणू कमी असणे वेगळे. भावजी आठ दिवस बेकरीत निजले ते त्या एका शब्दाच्या भीतीने. तो शब्द घरात उच्चारला कुणी? सासूबाईंनी. त्या आज इथे आल्या आहेत, आणि त्यांनी मला हे सांगायची मोकळीक दिली आहे. आधी "आमच्या घराण्यात असं नाही" म्हणाल्या, मग तो शब्द बोलल्या, आणि मग तीन दिवस जेवल्या नाहीत.

दुसऱ्या खेपेची तयारी नीट केली. त्यात ध्यानात ठेवण्यासारखे पुष्कळ आहे आणि पुरुष ते विचारीत नाहीत, म्हणून आपणच विचारून ठेवलेले बरे. तपासणीआधी कमीत कमी दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको. आठ-दहा दिवस साठवले म्हणजे चांगले, हा समज खोटा. जुने शुक्राणू मंद होतात. तेल, साबण, थुंकी काही लागता कामा नये. साधा निरोधही चालत नाही. भांडे तपासणीवाल्यांनीच दिलेले असावे. आणि सगळे त्यात पडले पाहिजे. पहिल्या थेंबांतच शुक्राणू जास्त असतात, ते सांडले तर हिशेब चुकतो. सांडले तर सांगून टाकायचे. भावजींचे पहिल्या वेळी सांडले होते! बाहेर लोक रांगेत बसलेले, दाराची कडी नीट लागत नव्हती. त्यांनी लाजेने सांगितले नाही. ती तपासणीची जागा कुठली ते सांगत नाही, पण जिथे पुरुषाला असल्या कामासाठी कडी नसलेली मोरी देतात, तिथे आकडे कसे बरोबर येणार? घरून न्यायचे झाले तर तासाच्या आत पोहोचले पाहिजे आणि वाटेत ते अंगाशी, खिशात ऊबेला धरावे. फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या शहाण्यांची गोष्ट डॉक्टरांनीच सांगितली.

तीन महिन्यांनी आकडा आला १ कोटी २० लाख, पुढे सरकणारे शंभरात २४. दुप्पट झाला, तरी रेघेखालीच. तेव्हा डॉक्टरांनी भावजींना उभे करून तपासले. डाव्या बाजूला शिरा फुगून त्यांचा गुंता झाला होता. व्हेरिकोसील म्हणतात. शंभरात पंधरा पुरुषांना तो असतो, आणि त्यांतल्या पुष्कळांना मुले होतात. पण ज्यांना मूल होत नाही त्यांच्यात तो जास्त आढळतो. देवाने पुरुषाचे ते अवयव अंगाबाहेर टांगले आहेत ते उगाच नव्हे. शुक्राणू तयार व्हायला अंगापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. शिरा फुगल्या की तिथे ऊब साठते. त्यात बारा वर्षे भट्टीसमोर उभे राहणे, त्यात तंबाखू. यातले नेमके कशाने किती बिघडले ते सांगता येत नाही, असे डॉक्टर स्पष्ट म्हणाले. पण तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, तेवढ्या आवरा. मालकांनी भावजींना भट्टीवरून काढून गाडीवर दिले. तंबाखू सुटली असे ते म्हणतात. आमचे हे म्हणतात, निम्मी सुटली.

शिरांची शस्त्रक्रिया झाली. त्याच दिवशी संध्याकाळी घरी आले. धाकटीला दुर्बिणीच्या वेळी आठ दिवस उठता येत नव्हते, ते मला त्या संध्याकाळी फार आठवले.

ज्यांच्या कागदावर शून्य येते त्यांच्याविषयीही विचारले, कारण अशी दोन घरे मला ठाऊक आहेत. शून्य आले तरी आधी पुन्हा तपासतात. नमुना यंत्रात फिरवून तळाचा साका पाहतात. मग कारण शोधतात. कधी शुक्राणू तयार होत असतात पण वाट बंद असते. कधी तयार होण्याचाच हुकूम वरून सुटत नाही, त्याला औषधे आहेत. हल्ली मुले तालमीत शरीर फुगवायला पुरुषी हार्मोनची इंजेक्शने घेतात. त्याने दंड फुगतात आणि शुक्राणू थांबतात, हे ज्यांची मुले जिमला जातात त्यांनी कानात घालून ठेवावे. आणि अगदी थोडे मिळाले तरी एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडायची युक्ती आहे. ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी तशी झालेली बाळे १९९२ साली जगापुढे आणली. सगळ्यांना ते साधते असे नाही, खर्चही मोठा. पण आपले दार कुठले आणि बंद किती, हे कागदावाचून कळत नाही.

किती दिवस वाट पाहावी हेही पुष्कळजणी विचारतात. बाईचे वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष. पस्तिशी झाली असेल तर सहाच महिने. मग दोघांनी मिळून जायचे. तिचे वय जाते आणि आपण प्रदक्षिणा मोजीत बसतो. प्रदक्षिणांना माझा विरोध नाही, मी अजूनही घालते.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. असल्याच विषयांवर, मराठीत, सरळ शब्दांत. त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्याला आता शंभर वर्षे होत आली, आणि आज मला भाषणाआधी एका भगिनीने बाजूला घेऊन सांगितले, "वीर्य हा शब्द जरा हळू उच्चारा." मी प्रयत्न केला, पण मागच्या रांगेतल्यांना ऐकू येत नव्हते.

आता राहिले आमच्या घरचे. शस्त्रक्रियेचा गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिले तीन पुढच्या महिन्यात भरतील, तेव्हा तिसरी तपासणी आहे. काय येईल ते येईल. नवी फाइल जाऊबाईंनी स्वतः आणली आहे; तिच्यावर दोघांची नावे आहेत, आणि तिचे तिच तिच्या कपाटात ठेवते.

नणंदेच्या मुलीला मुलगी झाली. बारशाला ओटी भरायची वेळ आली तेव्हा मी धाकटीला हाक मारली. ती आतूनच म्हणाली, "ताई, पुऱ्या बघतेय." मला वाटले, फेडलेन हिने. पण ती खरोखरच पुऱ्या तळीत होती. कढई उतरवून, हात धुऊन आली, आणि पहिली ओटी तिने भरली.

मला दिलेली वीस मिनिटे संपली, अध्यक्षीणबाई घड्याळाकडे पाहत आहेत. एकच निरोप राहिला. चहाबरोबर जी खारी मिळणार आहे ती भावजींच्या बेकरीतली आहे. साताऱ्याला जाण्यापूर्वी पहाटे आणून ठेवली, आणि मंडळाकडून पैसे घेतले नाहीत.